मर्तबान आणि कौल : गोव्याच्या तळाशी पडलेली दोन जहाजं

सुट्टीत भोपाळला घरी गेले की हाटाच्या दिवशी आईबरोबर बिट्टन मार्केटला जायचं, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम आहे. भाजीच्या ओळी संपल्या की कडेला चिनी मातीची भांडी मांडून बसलेले लोक दिसतात. कप, कुंड्या, दिवे आणि लोणच्याच्या बरण्या. गेल्या उन्हाळ्यात आईला कैरीच्या लोणच्यासाठी एक मोठी बरणी हवी होती. आईने नेहमीप्रमाणे अर्ध्या मराठी, अर्ध्या हिंदीत विचारलं, "भैया, वो ब्राउनवाली बरनी कितने की?" दुकानदार म्हातारे होते. बरणीवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकवत ते म्हणाले, "बहनजी, ये मर्तबान है. तीन साल अचार रखिए, कुछ नहीं बिगड़ेगा."

मर्तबान. शब्द कानाला छान वाटला म्हणून मी मोबाईलमध्ये लिहून ठेवला आणि विसरून गेले. पुढे काही आठवड्यांनी गोव्याजवळ बुडालेल्या एका पोर्तुगीज व्यापारी जहाजाबद्दल वाचत होते. तळाशी सापडलेल्या वस्तूंच्या यादीत 'मार्ताबान खापरं' असा उल्लेख आला आणि मला एकदम बिट्टन मार्केटमधली ती टिचकी ऐकू आली. हा लेख तिथून सुरू झाला.

मार्ताबान हे ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराचं नाव. आज त्याला मोत्तमा म्हणतात. मोठाले, जाड अंगाचे, झिलई दिलेले रांजण या बंदरातून जगभर जात. ते सगळे तिथेच घडत असं नाही. ब्रह्मदेशात, सयाममध्ये, दक्षिण चीनमध्येही घडत. पण ज्या बंदरातून माल चढला त्याचं नाव मालाला चिकटलं. चौदाव्या शतकात फिरलेल्या इब्न बतूतानेही आलं, मिरी, लिंबं आणि आंबे खारवून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. म्हणजे आमच्या घरात त्या बरणीचं जे काम आहे, तेच काम ती सहाशे-सातशे वर्षांपूर्वीही करत होती. फक्त तेव्हा ती जहाजावर असायची.

सुंची रीफ

गोव्यात दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १ जानेवारी १९६६ ला ती स्थापन झाली. समुद्राचे प्रवाह, तळातली खनिजं, मासे यांचा अभ्यास हे तिचं मुख्य काम. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पुढाकाराने तिथे सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं. द्वारकेच्या शोधामुळे ते सगळ्यांना माहीत झालं. त्याच संस्थेतल्या सिला त्रिपाठी, ए. एस. गौर, सुंदरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या पाण्यातल्या बुडालेल्या जहाजांचाही मागोवा घेतला. त्यातलं एक जहाज सुंची रीफवर आहे.

रीफ म्हणजे पाण्याखालचा खडकाळ उंचवटा. भरतीला तो दिसत नाही, आणि नेमका म्हणूनच घात करतो. तिथे पाणी फार खोल नाही, काही मीटरच. पण लाटा खडकावर फुटतात, ओढ जोराची असते, पाणी गढूळ होतं. पाणबुड्याला एका जागी स्थिर राहणं कठीण. पावसाळ्यात तर काम बंदच.

सिनेमात बुडालेलं जहाज कसं दाखवतात? डोलकाठी उभी, शिडं फाटलेली, आतल्या खोलीत दागिन्यांची पेटी. सुंची रीफवर यातलं काहीही नाही. जहाज म्हणावं असं सलग काही उरलेलंच नाही. सापडल्या त्या सुट्या वस्तू : लोखंडी तोफा, नांगर, हातातल्या बंदुकीची नळी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मार्ताबान रांजणांची खापरं, काचेच्या बाटल्यांचे तळ, घडीव दगड, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात.

मग जहाज गेलं कुठे? खडकावर आदळलेलं लाकडी जहाज आधी फुटतं. हलकं सामान तरंगून वाहून जातं. कापड, कागद, दोर कुजतात. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे प्राणी इतके असतात की उघड्यावर पडलेली फळी काही वर्षांत चाळणीसारखी होते. तळाला खोल वाळू किंवा चिखल असेल तर लाकूड त्यात गाडलं जातं, तिथे प्राणवायू पोचत नाही आणि ते टिकतं. खडकावर ही सोय नाही. शेवटी जड आणि न कुजणारं तेवढं खडकांच्या कपारीत अडकून राहतं. म्हणजे समुद्राने चाळणी लावून आपल्यासमोर जे ठेवलंय, त्यावरून जे गेलं त्याचा अंदाज करायचा.

याच्या उलट उदाहरण स्वीडनचं. १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात 'वासा' नावाची युद्धनौका पहिल्याच फेरीत बुडाली. बाल्टिक समुद्राचं पाणी थंड आणि कमी खारं, लाकूड पोखरणारा तो प्राणी तिथे जगत नाही. १९६१ मध्ये ते जहाज जवळजवळ अख्खं वर काढलं. सुंची रीफचं जहाजही साधारण त्याच काळातलं. एक संग्रहालयात उभं आहे, दुसऱ्याची खापरं झाली. फरक पाण्याचा आणि तळाचा.

वय कसं कळलं?

जहाजाचं नाव सांगणारी घंटा नाही, पाटी नाही. मग ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, हे कशावरून?

एक मार्ग नेहमीचा. तोफेची घडण, चिनी भांड्यावरची नक्षी, रांजणाची झिलई यांची तुलना तारीख माहीत असलेल्या वस्तूंशी करायची. दुसरा मार्ग प्रयोगशाळेतला, आणि मला तो फार आवडला. मातीत क्वार्ट्झसारख्या खनिजांचे कण असतात. आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे त्या कणांत हळूहळू ऊर्जा साठत जाते. भट्टीत भाजल्यावर ती सगळी निघून जाते. म्हणजे भट्टीतून निघालेलं मडकं हे रिक्षाचं मीटर शून्यावर आणल्यासारखं. त्यानंतर पुन्हा ऊर्जा साठू लागते. शेकडो वर्षांनी प्रयोगशाळेत तेच खापर परत तापवलं की साठलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजायचा, वर्षाला किती साठत असेल त्याने भागायचं, की मडकं कधी भाजलं ते कळतं. सुंची रीफच्या खापराचं वय असं सुमारे ३६० वर्षं आलं, चाळीस वर्षं अलीकडे-पलीकडे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे वय भांडं भाजल्याचं आहे, जहाज बुडाल्याचं नाही. आमच्या आजीकडची बरणी तिच्या लग्नातली आहे. उद्या ती बरणी घेऊन मी होडीतून बुडाले आणि कुणी बरणीवरून माझं वय काढलं, तर मी आजीच्या वयाची ठरेन! म्हणून एकाच पुराव्यावर थांबत नाहीत. भांडं, तोफ, काच, हस्तिदंत हे सगळे एकाच काळाकडे बोट दाखवतात का, ते बघतात.

सुळे काय सांगतात

पाण्यातून निघालेला सुळा हा सुळाच आहे, पाणघोड्याचा दात नाही, हे कसं ओळखायचं? हत्तीच्या सुळ्याचा आडवा छेद घेतला की एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. पाणघोड्याच्या दातात ती नसते. आणि पाणघोडा भारतात नाही, तो आफ्रिकेतलाच. म्हणजे हा माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चढला.

ते पोर्तुगीज प्रवासाच्या वेळापत्रकाशी जुळतं. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. त्यांची जहाजं मार्च-एप्रिलच्या सुमारास लिस्बन सोडत, आफ्रिकेला वळसा घालून मोझांबिकला थांबत आणि नैर्ऋत्य वाऱ्यांवर गोव्याकडे येत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पोचत. परतीची जहाजं मिरी आणि कापड भरून डिसेंबर-जानेवारीत सुटत. सगळं वाऱ्याच्या हातात. या जहाजांबरोबर राजाची जी पत्रं येत-जात, त्यांच्या गोव्यातल्या दप्तराला 'मॉन्सून बुकं' असंच नाव पडलं. पणजीच्या पुराभिलेखागारात ती अजून आहेत. मराठेशाहीचे अभ्यासक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी याच दप्तरखान्यात आयुष्य घातलं.

चिनी भांडी आणि मार्ताबान रांजण मात्र पूर्वेकडचे. आफ्रिकेकडून आलेल्या जहाजावर ते कसे? इथे पुरातत्त्वज्ञ माल आणि घरसामान असा भेद करतात. विकायला नेलेली वस्तू म्हणजे माल. खलाशांनी वापरायला घेतलेली वस्तू म्हणजे घरसामान. रांजणात पाणी, तेल, खारवलेलं अन्न भरत. एकदा घेतलेला रांजण वर्षानुवर्षं या बंदरातून त्या बंदरात फिरे. त्यामुळे रांजणाचं गाव आणि जहाजाचा मार्ग एकच असायला हवा असं नाही. बिट्टन मार्केटमधली बरणी घेऊन मी होस्टेलला गेले म्हणून माझं होस्टेल भोपाळमध्ये येत नाही.

आता त्या सुळ्यांचं गोव्यात काय झालं असतं? जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. चर्चच्या युवा गटाबरोबर मी तिथे गेले होते. तिथे आणि जगातल्या अनेक संग्रहालयांत गोव्यात कोरलेल्या हस्तिदंती मूर्ती आहेत. त्यातली एक ठेवण फक्त इथलीच : उत्तम मेंढपाळाच्या रूपातला बाळ येशू. डोंगरावर बसलेला, गालाला हात लावून डुलकी घेतोय, मांडीवर कोकरू, खाली पायऱ्यापायऱ्यांनी झरा, मेंढरं, झाडं. कोरणारे हात इथल्या कारागिरांचे. बसण्याची ती ढब पाहून बऱ्याच जणांना ध्यानस्थ बुद्ध आठवतो. त्या दिवशी मी हात जोडले आणि पुढे गेले. हस्तिदंत आला कुठून, हा प्रश्न मला पडलाच नाही.

सुंची रीफचे सुळे कोरले गेले असते तर त्यांचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. मूर्ती, पेटी, कंगवा, काहीही. पण कारागिराच्या हातात पोचायच्या आधी हस्तिदंत कसा दिसायचा, ते या जहाजाने आपल्याला दाखवलं. तो ओझं होता. कुणीतरी हत्ती मारला, कुणीतरी सुळा खांद्यावर वाहून किनाऱ्याला आणला. मोझांबिकहून गोव्याला येणाऱ्या जहाजांतून हस्तिदंताबरोबर गुलाम म्हणून विकलेली माणसंही येत, हे इतिहासाला चांगलं ठाऊक आहे. या जहाजावर ती होती असा पुरावा नाही. पण तो मार्ग तोच होता. मला वाटतं, आपल्या देवघरातल्या, वेदीवरच्या सुंदर वस्तूंकडे बघताना हा भाग गाळून चालणार नाही. श्रद्धा त्याने कमी होत नाही. उलट हात जोडताना आणखी कुणाची तरी आठवण ठेवावी लागते.

सुळ्यांवरून किती दूरवरचं कळू शकतं, याचं एक उदाहरण नामिबियातलं आहे. २००८ साली तिथल्या किनाऱ्यावर हिऱ्यांच्या खाणीत वाळू उपसताना एक पोर्तुगीज जहाज सापडलं. ते बहुधा १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेलं 'बोम जेझूस'. गोव्याच्या बासिलिकेचं नाव तेच. त्यात सोन्याची नाणी होती, तांब्याचे गोळे होते आणि शंभराच्या वर सुळे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या जनुकीय तपासणीत कळलं की ते पश्चिम आफ्रिकेतल्या वनहत्तींचे, निदान सतरा वेगवेगळ्या कळपांतले. ते कळप आता फारसे उरलेले नाहीत. बुडालेला माल अशा प्रकारे नाहीशा झालेल्या प्राण्यांची नोंदवही होऊन बसतो.

दुसरं जहाज : कौलांचं

गोव्याच्याच पाण्यात, सेंट जॉर्ज रीफवर, आणखी एक जहाज बुडालेलं आहे. त्यात तोफ नाही, सुळा नाही. आहे ती भाजलेली माती. छपराची कौलं, आढ्यावरची कौलं, फरशा, सांडपाण्याचे नळ, धुराड्याच्या विटा आणि नक्षीदार खांबांचे माथे. थोडक्यात, एका मोठ्या बंगल्याचं सामान. या मालावर इंग्रजी अक्षरांत छाप आहे : 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५'.

हे वाचून मी उडालेच, कारण ही अक्षरं मी लहानपणी बोटाने गिरवली आहेत. ते नंतर सांगते.

बासेल मिशन ही स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातली प्रोटेस्टंट संस्था. तिचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले. जे ख्रिस्ती झाले त्यांच्यापैकी अनेकांची जातीबरोबर रोजीरोटीही सुटली. त्यांना काम हवं म्हणून मिशनने छापखाना, विणकाम आणि मग कौलांचा कारखाना काढला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं की याच मिशनच्या हेर्मान म्योग्लिंगने १८४३ मध्ये 'मंगळूर समाचार' हे पहिलं कन्नड वृत्तपत्र काढलं, गुंडर्टने मल्याळमचा कोश केला आणि किटेलने कन्नडचा. एका हाताला कोश, दुसऱ्या हाताला कौल.

कौलांचा कारखाना मंगळूरच्या जेप्पूत १८६५ मध्ये सुरू झाला. त्यामागे गेओर्ग प्लेब्स्ट हा मिशनचा कारागीर. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती आणि घाटातलं सरपण, दोन्ही हाताशी होतं. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं असत. ती नुसती एकावर एक टेकवलेली. वाऱ्याने सरकत, माकडांनी फुटत, दर वर्षी पावसाआधी शाकारणी आलीच. मंगळुरी कौल सपाट, साच्यात दाबलेलं. त्याच्या कडांना खाचा असतात, एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, आणि पाठीला एक खुंटी असते जी लाकडी रिपेला अडकते. पाणी खाचेतून खाली वाहून जातं. छप्पर हलकं झालं, लाकूड कमी लागू लागलं. कोकणात आणि मुंबईत ती पोचलीच, पण ब्रह्मदेश, सिलोन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलियापर्यंतही गेली. आमच्या भोपाळमध्ये जुने लोक साध्या कौलाला 'कवेलू' म्हणतात आणि या कौलाला 'अंग्रेज़ी कवेलू'. स्वित्झर्लंडच्या मिशनऱ्यांनी कर्नाटकातल्या मातीचं केलेलं कौल भोपाळला पोचेस्तोवर इंग्रज झालं!

आता पुरातत्त्वाचा प्रश्न. कौलावर १८६५ लिहिलंय, म्हणून जहाज १८६५ मध्ये बुडालं का?

नाही. १८६५ हे कारखान्याच्या स्थापनेचं साल. मिठाईच्या दुकानावर 'स्थापना १९५२' लिहिलेलं असलं म्हणून आतला पेढा १९५२ चा नसतो. तो छाप मिशनने पुढे कित्येक वर्षं वापरला. म्हणून त्या छापावरून एवढंच सिद्ध होतं की जहाज १८६५ च्या आधी बुडालेलं नाही. दुसरी सीमाही अंदाजाने घालता येते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने बासेल मिशनच्या जर्मन संबंधांमुळे तिचे कारखाने ताब्यात घेतले आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी मंगळूर-मलबारकडून निघालेलं एक जहाज गोव्याच्या खडकावर आदळलं.

मला हे जहाज सुंची रीफपेक्षा जास्त चटका लावतं. तिथल्या सुळ्यांना बाजारात भाव होता. इथे मात्र नुसती कौलं. अशी जहाजं रोज जात होती. पोर्तुगीज तांड्यांतली जहाजं बुडाली तर राजदरबारी नोंद व्हायची. कौलं भरून निघालेलं जहाज हरवलं, तर त्याची आठवण घरी वाट पाहणाऱ्यांपुरतीच. जी घरं आपण 'कोकणातली टिपिकल' म्हणून फोटो काढतो, त्यांची छपरं अशा खलाशांच्या जिवावर आलेली आहेत.

वर काढायचं की तिथेच ठेवायचं?

मला आधी वाटायचं, सापडलं की वर काढावं. वाचल्यावर कळलं, वर काढणं ही कामाची सुरुवात असते. चारशे वर्षं पाण्यात राहिलेल्या खापरात मीठ मुरलेलं असतं. ते तसंच वाळवलं तर मिठाचे स्फटिक होतात, फुगतात आणि झिलई पापुद्र्यांनी उडते. म्हणून वस्तू गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं, मीठ निघेपर्यंत. याला महिने लागतात. लोखंडाचं तर आणखी अवघड. समुद्रात शांत पडलेली तोफ हवा लागताच गंजून फुटू लागते. हस्तिदंताला चिरा जातात. म्हणून युनेस्कोच्या २००१ च्या करारात तत्त्व असं आहे की शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असलेल्या वारशाचा पहिला विचार जागेवरच जपण्याचा करावा, आणि त्याचा व्यापार करू नये.

दुसरं कारण मला जास्त पटलं. वस्तूपेक्षा तिची जागा बोलते. नांगर तोफांच्या कोणत्या बाजूला पडलाय, रांजणाची खापरं एका ढिगात आहेत की पसरलेली, सुळे एकत्र आहेत का, यावरून जहाज कसं आदळलं, माल कुठे रचला होता ते कळतं. म्हणून पाणबुडे आधी दोऱ्यांनी जागा आखतात, मोजमाप घेतात, फोटो काढतात, मग हात लावतात. हौशी पाणबुड्याने आठवण म्हणून एक खापर उचललं तर चोरी छोटीच दिसते. पण वाक्यातला एक शब्द काढून नेल्यावर वाक्य लागत नाही, तसं होतं. शिवाय गोव्यात नुसता समुद्रच राखून भागत नाही. बोटींची वर्दळ, जाळी, नांगर, सगळंच त्या तळावर येऊन पडतं.

आमच्या घरातलं कौल

आमचं मूळ घर वेंगुर्ल्याकडे. आजी एकटी राहायची तेव्हा त्यावर मंगळुरी कौलं होती. माळ्यावर झोपलं की डोक्यावर हाताच्या अंतरावर उलट्या बाजूची अक्षरं दिसायची. इंग्रजी नुकतं शिकत होते, म्हणून मी ती बोटाने गिरवून वाचायचे. बासेल. मला वाटायचं ते कौलाचं नाव आहे. तीन वर्षांपूर्वी छप्पर गळायला लागलं आणि काकांनी पत्रा घातला. पत्रा घालणाऱ्याने कौलं उतरवली आणि चांगली तेवढी घेऊन गेला. काका चुकले असं मी म्हणणार नाही. आजीचं वय झालंय, दर पावसाळ्यात कौलं कोण फिरवणार? पण उतरवताना कुणी पाठ वाचली नाही. कोणत्या कारखान्याची, किती प्रकारची, घर कधी बांधलं याचा त्यात काही धागा होता का, ते आता कधीच कळणार नाही. समुद्राला शंभर-दीडशे वर्षांत जमलं नाही ते आम्ही एका दुपारी केलं.

सेंट जॉर्ज रीफबद्दल वाचल्यावर मी आजीला फोन केला. विचारलं, एखादं तरी कौल उरलंय का? ती म्हणाली, अंगणातल्या क्रुसाजवळ फुलाच्या कुंडीखाली एक आहे. मग थोडं थांबून म्हणाली, "पण त्या कौलाचा काय करतलंस गो?"

ते मला अजून नीट सांगता येत नाही. सध्या काकांकडून त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवलेत. पाठीवर शेवाळ आहे, पण अक्षरं वाचता येतात. छाप, मोजमाप आणि आजीला आठवतं तेवढा घराचा इतिहास मी एका वहीत लिहायला घेतलाय. आजीचे सासरे ती कौलं गलबतातून वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरवून घ्यायला गेले होते, हे मला या निमित्ताने पहिल्यांदा कळलं. घरात हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांचं गावाकडे जुनं घर आहे त्यांना एवढंच सांगायचंय : छप्पर बदलायचं तर जरूर बदला, पण एक कौल उलटं करून बघा आणि फोटो काढून ठेवा. गोव्यात पाण्यात उतरलात आणि खापर दिसलं तर बघा, पण उचलू नका. कुठे दिसलं ते मात्र सांगा.

आणि बिट्टन मार्केटचा तो मर्तबान? आईने घासाघीस करून घेतला. त्यात आता कैरीचं लोणचं आहे. यंदा मीठ जरा जास्त झालंय.